ट्रेलरच्या गॅसवर ग्रिल लावलं की ज्योत पुन्हा पुन्हा बसते: कारण आणि उपाय

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमची अडचण हीच आहे का ते लगेच कळेल. कॅम्पिंग ट्रेलरच्या आतली शेगडी नीट पेटते, ज्योत निळीशार. त्याच सिलिंडरवरून ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला काढलेल्या जोडणीवर पोर्टेबल ग्रिल लावलं, की ज्योत बोटाच्या पेराएवढी. बटण पूर्ण उघडा नाहीतर अर्धं, फरक शून्य. वांगं पाऊण तास ठेवलं तरी सालाला नुसत्या सुरकुत्या पडतात, साल करपत नाही. सिलिंडर भरलेला असतो, नळी नवी असते, गळती कुठेच नसते. काहीतरी खटपट केली की एखाद्या वेळी जरा बरं चालतं आणि पुढच्या सहलीला परत तेच.

आमच्याकडे हे दोन हिवाळे चाललं. मी ठाण्यात राहतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात ३१ वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काम केलं, त्यामुळे दाब मोजणं हा माझा रोजचा उद्योग होता. तरीसुद्धा मूळ कारणापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली, कारण दर वेळी दुसरंच काहीतरी खरं कारण सापडायचं, ते दुरुस्त व्हायचं, आणि आम्ही समाधानाने घरी यायचो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे. घाईत असाल तर रेग्युलेटरबद्दलचा भाग आणि काय करू नये तो भाग एवढं तरी वाचाच.

आमची जुळवणी अशी. दोन माणसं झोपतील एवढा ट्रेलर, इथेच बांधून घेतलेला. पुढच्या बाजूला सिलिंडरचा वेगळा कप्पा, त्यात ५ किलोचा सिलिंडर उभा. कप्प्याला तळाशी जाळीचं भोक आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, त्याला वाट खालूनच हवी. सिलिंडरवर आपला नेहमीचा घरगुती रेग्युलेटर, पुढे तांब्याची नळी, तिची एक फांदी आतल्या दोन बर्नरच्या शेगडीला आणि दुसरी बाहेरच्या झटपट जोडणीला. ग्रिल मात्र अमेरिकन. माझ्या पुतण्याने तिथून येताना आणलं. घडीचं, सुटकेससारखं उचलून नेता येणारं, सोबत १२ फुटांची नळी.

इथेच दोन देशांच्या पद्धतींचा फरक समजून घ्यावा लागतो. अमेरिकेत अशी छोटी ग्रिलं मुळात एक पौंडाच्या, म्हणजे साधारण ४६५ ग्रॅम प्रोपेनच्या, फेकून द्यायच्या छोट्या सिलिंडरवर चालवायला बनवलेली असतात. त्या सिलिंडरला स्वतःचा रेग्युलेटर नसतो, म्हणून तो ग्रिलवरच बसवलेला असतो. तिथल्या ट्रेलरवर मात्र मोठ्या सिलिंडरपाशी रेग्युलेटर असतोच, तो दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे सुमारे २८ सेंटिमीटर, करून पुढे पाठवतो. बाजूची झटपट जोडणी या कमी दाबाच्या लाइनवर असते. तिथेही लोक उत्साहाने ग्रिल तसंच जोडतात आणि त्यांचीही ज्योत अशीच बसते. आपल्याकडचा घरगुती रेग्युलेटर ३० मिलिबारचा असतो, पाण्याच्या भाषेत साधारण ३० सेंटिमीटर. म्हणजे दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा, आणि दुखणंही एकच.

पहिला हिवाळा: सेफ्टी डिव्हाइस

पहिली सहल भंडारदऱ्याची. माजिवड्याहून नाशिक महामार्ग धरला, कसारा घाट चढलो, घोटीवरून आत. संध्याकाळी पाणी दिसेल अशा जागी ट्रेलर लावला. पुतण्याने ग्रिल जोडलं, बटण उघडून ठेवलं आणि मला हाक मारली, "काका, आता सोडा गॅस." मी सोडला. ज्योत आली ती बारीक, आणि बारीकच राहिली.

त्या वेळी आमच्या रेग्युलेटरखाली गेजवालं सेफ्टी डिव्हाइस होतं. पुढचं बटण उघडं असताना मागून गॅस सोडला की रिकाम्या नळीत तो एकदम धावतो. डिव्हाइसला वाटतं नळी तुटली. ते आतून अडतं आणि जेमतेम झिरपेल एवढाच गॅस पुढे जाऊ देतं. अमेरिकेतल्या सिलिंडरच्या मोठ्या प्लॅस्टिक नटाच्या जोडणीत हीच सोय असते आणि तिथेही ती अशीच फसवते. उपाय साधा आहे. पुढची सगळी बटणं बंद, सिलिंडर बंद, दोन-चार मिनिटं थांबायचं. मग पुढची बटणं बंदच ठेवून गॅस सोडायचा, नळी भरू द्यायची, आणि त्यानंतर ग्रिल पेटवायचं. आम्ही तसं केलं. ज्योत थोडी वाढली. अंधार पडला होता, सगळ्यांना भूक लागली होती, "झालं काम" म्हणून कणसं भाजली. थोडीच वाढली होती, पुरेशी नव्हती, हे त्या दिवशी मी मनावर घेतलं नाही.

दुसरा हिवाळा: कुंभारीण

पावसाळाभर ग्रिल बाळकुमला, ट्रेलर जिथे ठेवतो त्या आवारातल्या शेडमध्ये पडून होतं. नोव्हेंबरात काढलं तर ज्योत पिवळी, एका बाजूला पेटते, दुसऱ्या बाजूला नाही, आणि मधेच फट्ट आवाज करून नळीच्या तोंडाशी जळते. हा शेवटचा प्रकार दिसला की ताबडतोब बंद करा. ज्योत बर्नरच्या आत शिरलेली असते.

बर्नर सोडवला. जेटमधून, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातून, गॅस जिथे बर्नरच्या नळीत शिरतो आणि सोबत हवा ओढून घेतो, त्या तोंडाशी बोटाच्या टोकाएवढं मातीचं घर होतं. कुंभारीण माशीचं. खिडकीच्या चौकटीत, पडद्याच्या नळीत ती बांधते तेच. तारेने टोचलं तर भुगा पडला आणि आत कोरड्या, वाळलेल्या अळ्या-कोळ्यांचा गोळा. आपल्या भागात हे फार होतं. पावसाळ्यानंतर ग्रिल पहिल्यांदा काढाल तेव्हा बर्नरची नळी आरपार उजेडात बघितल्याशिवाय पेटवू नका. कोळ्याची जाळीही याच नळीत होतात. बाटली धुवायचा लांब ब्रश त्याला पुरतो. जेटच्या भोकात मात्र तार, सुई, टाचणी काही घालायचं नाही. ते भोक मोजून पाडलेलं असतं, जरासं रुंदावलं तरी सगळं गणित बिघडतं. जेट काढून फुंकर मारा, फार तर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून पूर्ण वाळवा.

नळी साफ केली, ज्योत परत निळी झाली. पण उंची? पेराएवढीच.

या सुमाराला सल्ले यायला लागले. एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने जेटला अर्ध्या नंबरने मोठं ड्रिल मारून देतो म्हटलं. साडू म्हणाले, "वडापावच्या गाडीवाले लावतात तो हाय प्रेशर रेग्युलेटर लाव की, दोन मिनिटांचं काम." दोघांचीही कळकळ खरी होती. पण हे दोन्ही उपाय धोक्याचे आहेत आणि पुढे त्याबद्दल लिहिलं आहे. मला जाणवलं की आपण अंदाजाने एकेक भाग बदलतो आहोत, दाब एकदाही मोजलेला नाही. ३१ वर्षं दुसऱ्यांना हेच सांगत होतो.

दाब मोजला तेव्हा

गॅसचा दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन मीटर घ्या. मीटरभर उंचीच्या फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून दोन्ही बाजूंनी क्लिप मारा. निम्म्यापर्यंत पाणी भरा, पाण्यात कपड्याची नीळ चिमूटभर घाला म्हणजे पातळी स्पष्ट दिसते. मधे स्टीलची पट्टी लावा. एक टोक उघडं, दुसरं गॅसच्या लाइनवर पितळी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालून जोडायचं. गॅस सोडला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर चढतं. वाचायचा असतो तो दोन पातळ्यांमधला फरक. अनेकजण एकाच बाजूला पाणी किती चढलं ते वाचतात आणि दाब निम्मा धरून बसतात.

हे काम फक्त उघड्यावर करायचं. सोसायटीच्या पोडियमखाली किंवा बेसमेंटच्या पार्किंगमध्ये अजिबात नको. आजूबाजूला सिगारेट, उदबत्ती, चालू गाडी काही नको. आणि ही नळी रेग्युलेटरच्या पुढेच लावायची. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या दाबापुढे ती टिकणारच नाही. तिथला दाब या मोजपट्टीच्या कित्येक पटींनी जास्त असतो.

बाळकुमच्या आवारात रविवारी सकाळी मांडामांड केली. सगळी बटणं बंद असताना पट्टीवर ३२ आलं. आतल्या शेगडीचा एक बर्नर लावला, ३०. ट्रेलरची लाइन धडधाकट आहे, म्हणजे तिच्यावर आळ घेणं थांबलं. मग ग्रिल जोडून पूर्ण उघडलं आणि ग्रिलच्या रेग्युलेटरच्या अलीकडे मोजलं. २७. लांब नळीने थोडं खाल्लं होतं, ठीक. शेवटी तोच टी काढून ग्रिलचा रेग्युलेटर आणि ग्रिलचं बटण यांच्यामधे लावला आणि पेटवलं. निळं पाणी डुगडुगलं, एका बाजूने हळूहळू वर आलं, दुसरीकडून उतरलं, आणि फरक ७ वर थांबला.

पुतण्या पट्टीशी डोळा लावून बसला होता. "काका, सात?"

"परत बघ. दोन्हीकडचं धर."

"सातच आहे."

ग्रिलच्या रेग्युलेटरच्या अंगावर ११ इंच पाण्याचा स्तंभ असं ठोकलेलं होतं. म्हणजे तिथे २८ हवे होते आणि मिळत होते ७. चौथाई दाब. जेटमधून जाणारा गॅस दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून चौथाई दाबाला निम्मा गॅस. ज्योत अर्धमेली का, त्याचं उत्तर पट्टीवर होतं.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण समजलं की उपायात चूक होत नाही. रेग्युलेटरच्या आत एक रबरी पडदा, वर स्प्रिंग आणि खाली एक बारीक भोक उघडणारी-झाकणारी खिट्टी असते. ग्रिलवरच्या रेग्युलेटरचं ते भोक अगदी बारीक ठेवलेलं असतं, कारण त्याच्या मागे सिलिंडरचा पूर्ण दाब असणार हे त्याच्या बनवणाऱ्याने धरलेलं असतं. कित्येक बारचा दाब मागे असताना त्या बारीक भोकातूनही हवा तेवढा गॅस येतो. आपण मात्र त्याच्या मागे आधीच उतरवलेला, २७-२८ सेंटिमीटरचा दाब देतो. पडदा खिट्टी पूर्ण उघडतो, त्याच्या हातात तेवढंच आहे. पण भोकच बारीक, मागून ढकलणारा जोर नाही, गॅस तिथेच गुदमरतो. रेग्युलेटर बिघडलेला नाही. नवा आणला तरी हेच होणार. दाब उतरवण्याचं काम एकदा ट्रेलरच्या रेग्युलेटरने केलेलं असताना दुसऱ्याने ते पुन्हा करायचं, एवढंच चुकतं आहे.

म्हणूनच आतली शेगडी उत्तम चालते. तिच्यावर दुसरा रेग्युलेटर नाही.

उपाय

ट्रेलरच्या जोडणीवर ग्रिल लावताना ग्रिलचा रेग्युलेटर वाटेतून काढायचा आणि लाइन थेट ग्रिलच्या बटणाला द्यायची. पण त्याआधी दोन गोष्टी पाहा, आणि त्या जुळल्या नाहीत तर हा उपाय तुमच्यासाठी नाही.

पहिली, ग्रिलची पाटी. बहुतेकदा ती खालच्या बाजूला किंवा बटणाजवळ असते. अमेरिकन ग्रिलवर ११ इंच वॉटर कॉलम, युरोपीय ग्रिलवर ३० मिलिबार किंवा २८-३०/३७ मिलिबार असं काही लिहिलेलं असेल, तर त्याचं जेट कमी दाबासाठी आहे आणि ते आपल्या लाइनवर चालेल. पाटीवर याहून पुष्कळ मोठा आकडा असेल, जसा काही कॅम्पिंग स्टोव्हवर असतो, तर त्याचं जेटच जास्त दाबासाठी बारीक पाडलेलं आहे. रेग्युलेटर काढला तरी ज्योत मरगळलेलीच राहणार. तिथे बनवणाऱ्या कंपनीचा कमी दाबाचा जेटसंच मिळत असेल तरच पुढे जा. नसेल तर ते उपकरण ट्रेलरवर लावूच नका.

दुसरी, बटण वेगळं आहे का. आमच्या ग्रिलमध्ये रेग्युलेटर, मग छोटी नळी, मग बटण अशी रचना होती, म्हणून सोपं गेलं. पण पुष्कळ टेबलावरच्या ग्रिलमध्ये रेग्युलेटर आणि बटण एकाच पितळी तुकड्यात असतात. तो काढला की आच कमी-जास्त करायला काहीच उरत नाही. अशा ग्रिलसाठी गॅसचा वेगळा व्हॉल्व ग्रिलच्या तोंडाशी बसवावा लागतो, आणि तो जाणकाराकडूनच.

जोडणीच्या आट्यांनी आमचा एक रविवार खाल्ला, तो तुमचा वाचावा. अमेरिकन आटे आणि आपल्याकडचे बीएसपी आटे दिसायला जुळे भाऊ. पाव इंचाच्या अमेरिकन एनपीटीला इंचाला १८ आटे, आपल्या बीएसपीला १९. त्यांचा कोन ६० अंशांचा, आपला ५५. हाताने फिरवलं तर दोन-अडीच फेरे छान जातं आणि मग अडकतं. तिथे स्पॅनर लावून जोर केला की पितळ नरम असल्याने घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण ते बसलेलं नसतं. आम्ही साबणाचं पाणी लावलं तर सांध्यावर मोहरीएवढे बुडबुडे सावकाश उमलत होते, एक फुटला की दुसरा. शेवटी वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याला दोन्ही टोकं नेऊन दिली आणि एका बाजूला अमेरिकन, दुसऱ्या बाजूला आपले आटे असलेला पितळी तुकडा करून घेतला. बाजारातही असे तुकडे मिळतात, पण दोन्ही टोकं सोबत नेऊन, फिरवून बघूनच घ्या.

टेपबद्दल एक. निमुळत्या आट्यांवर गॅससाठीची पिवळी टेप किंवा गॅसचं सील पेस्ट लावायचं. ज्या सांध्यात पितळेचा शंकू शंकूवर दाबून बसतो, तिथे टेप लागतच नाही. तिथे नळकामाची पांढरी टेप गुंडाळली की शंकू नीट टेकत नाही आणि उलट गळती सुरू होते.

नळीसाठी स्टीलच्या तारेची आतून जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरा. तिच्यावर आयएस ९५७३ हा मानक क्रमांक आणि मुदत छापलेली असते, ती ५ वर्षांनी बदलायची. ट्रेलरची नळी ऊन खाते आणि घाटात कंप सोसते, त्यामुळे मुदतीआधीही वाकवून भेगा बघत जा. १२ फुटांची नळी आम्ही काढून टाकली. ग्रिल ट्रेलरपासून सुरक्षित अंतरावर राहील एवढीच लांबी ठेवली. जितकी लांब आणि बारीक नळी, तितका दाब वाटेत जातो आणि तितकी ती पायात येते.

हे सगळं झाल्यावर परत पट्टी लावली. बटणाच्या तोंडाशी, पूर्ण आचेवर, २७. ज्योतीची टोकं किंचित पिवळी होती. आपल्या एलपीजीत प्रोपेनसोबत ब्युटेन बरंच असतं, त्याला हवा जास्त लागते. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असते, ती थोडी उघडली आणि टोकं निळी झाली. झडप जास्त उघडली की ज्योत बर्नरपासून उचलल्यासारखी फडफडते, तेव्हा जरा मागे यायचं. सौ. तिथेच उभी होती. तिने काही न बोलता पिशवीतून वांगं काढून तेल लावून जाळीवर ठेवलं. विसाव्या मिनिटाला साल काळंठिक्कर, देठापाशी रस सुटलेला. "अहो, आता उतरवा, नाहीतर कोळसा होईल," म्हणाली. दोन हिवाळ्यांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं.

हे करू नका

जेटला ड्रिल मारू नका. आज दाब कमी आहे म्हणून मोठं भोक चालून जाईल. उद्या कोणीतरी मूळ दोष दुरुस्त करेल, दाब पूर्ण येईल, आणि त्या मोठ्या भोकातून गरजेपेक्षा कितीतरी जास्त गॅस येईल. पिवळी, लांब, काजळी धरणारी ज्योत. गॅस पूर्ण जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. पाऊस आला म्हणून ग्रिल ट्रेलरच्या आत किंवा तिन्ही बाजूंनी बंद केलेल्या छताखाली ओढलं, तर माणसं झोपेत जातात. ग्रिल धडधाकट असलं तरी ते आत घ्यायचं नाहीच.

ट्रेलरच्या सिलिंडरवर हाय प्रेशर रेग्युलेटर लावू नका. साडूंना मी हे फळीवरच दाखवलं. भट्टीसाठीचा तो रेग्युलेटर दाब कितीतरी वाढवू देतो, आणि तो दाब फक्त ग्रिलला जात नाही. त्याच लाइनवर आतली शेगडी आहे. तिची बटणं, तिची रबरी नळी, सगळं ३० मिलिबारसाठी आहे. बाहेर तुम्ही कणीस भाजत असाल आणि आत शेगडीच्या बटणातून गॅस झिरपून फरशीवर साचत असेल. साडू बराच वेळ शेगडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गाडीवर तोच आहे. उद्या काढतो." त्यांनी काढला.

सिलिंडर आडवा ठेवून चालवू नका, "गॅस संपत आलाय, आडवा कर" हे घरोघरी ऐकू येतं तरीही. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये जाऊ शकतो आणि तो बर्नरपाशी पोचला की ज्योत भडकते.

परदेशी रेग्युलेटर आपल्या सिलिंडरवर बसवायला ऑनलाइन काही जोडतुकडे मिळतात. आपल्या सिलिंडरचा व्हॉल्व आपोआप बंद राहणारा असतो, तो उघडतो त्यासाठी बनवलेल्या रेग्युलेटरनेच. त्या जागी दुसरं काही खुपसणं हा खेळ नको.

तरीही ज्योत मंदावली तर

रेग्युलेटरचा घोळ मिटल्यावरही आम्हाला एकदा ज्योत बसलेली दिसली, जानेवारीत, पहाटे, भंडारदऱ्यालाच. सिलिंडर तळाला आला होता. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळतो, ब्युटेन जेमतेम शून्याच्या आसपास. सिलिंडर वापरत जाल तसा प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी ब्युटेनचं प्रमाण वाढतं, थंडीत त्याचा दाब कमी पडतो. त्यात गॅस द्रवाचा वायू होताना सिलिंडरमधली उष्णता ओढून घेतो, म्हणून छोटा सिलिंडर हाताला गार लागतो, बाहेरून दव धरतो. ऊन आलं की आपोआप सुधारतं. सिलिंडरला गरम पाणी ओतणं, शेकोटीजवळ नेणं हे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत. कृपा करून करू नका. आमच्या ग्रिलला पूर्ण आचेवर तासाला पाव किलोच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे ५ किलोत १९-२० तास. तेवढा हिशोब वहीत ठेवला तर तळाचा सिलिंडर घेऊन घाट चढायची वेळ येत नाही.

वाऱ्याने ज्योत पडते ती वेगळी ओळखू येते. ती सगळीकडून लहान नसते, एका बाजूला झुकलेली असते. ग्रिलची पाठ वाऱ्याकडे करा.

जोडणी प्रत्येक वेळी काढ-घाल होते, त्यात वाळूचा कण आणि सुकलेली रबरी कडी हे दोन शत्रू. वापरात नसताना तोंडाला टोपण लावा. दर सहलीला पहिली जोडणी झाली की साबणाचं पाणी लावा, लायटर पेटवून गळती बघायची सवय असेल तर आज सोडा. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद, माणसं दूर, विजेचं कोणतंही बटण दाबायचं नाही, आणि लांब गेल्यावर १९०६ या एलपीजी गळतीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन. ट्रेलर रस्त्यावर असताना सिलिंडर बंद हवा. आमच्याकडे निघण्यापूर्वी पुतण्या तो हात लावून बघतो आणि मोठ्याने सांगतो, मग मी गाडी सुरू करतो.

एक काम राहिलं होतं. रेग्युलेटर काढलेलं ग्रिल कोणी मागायला आलं, आणि त्याने ते हाय प्रेशरच्या लाइनला लावलं, तर? ग्रिलवर आता त्याला अडवणारं काही नाही. म्हणून त्याच्या नळीला पत्र्याची लाल पट्टी तारेने बांधली आहे. तीवर सौ.ने तिच्या ठळक अक्षरात रंगवलं आहे: "फक्त ३० मिलिबार. घरगुती रेग्युलेटरशिवाय लावू नये." काढलेला रेग्युलेटर पिशवीत घालून ग्रिलच्याच झाकणात ठेवला आहे. पुतण्या ग्रिल परत अमेरिकेला नेईल तेव्हा तो आधी बसवायचा, असं त्या पिशवीवरही लिहिलं आहे.